दंडाचं लाकूड

वाघधरीच्या बायांना डोंगरउतारावर बयनाबाई दिसली की त्या आधी पदर झटकत आणि मग बोलत. पदरात काही नसलं तरी झटकत. जी झटकणार नाही तिला बयनाबाई वाटेतच उभी करी, सरपणाची मोळी खाली उतरवायला लावी, काडी न् काडी उलटीपालटी करून बघे आणि वर म्हणे, "चोराले चोर म्हटलं त राग काऊन येते व?"

तलमडुगु गावाच्या वरच्या अंगाला, जिथे कापसाची शेतं संपतात आणि सागाचा डोंगर चढू लागतो, तिथे हे गाव. डोंगराच्या माथ्यावर देवीचं रान आहे. देवीला गाव डोंगरमाय म्हणतं. देऊळ नाही, मूर्ती नाही. शेंदूर लावलेली एक शिळा, आणि तिच्याभोवती ऐन, बिजा, धावडा अशी जुनी, कवेत न मावणारी झाडं. खालचा डोंगर कुऱ्हाडीने विरळ करून टाकला तरी माथा हिरवा राहिला, कारण दस्तूर कडक होता. सरहद्दीच्या दगडापाशी चपला काढायच्या. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. फूल नाही, फळ नाही, वाळकी काटकी नाही. येताना अंग झटकून यायचं, कारण लुगड्याला चिकटलेलं कुसळसुद्धा मायचं.

मायचा दिवा बयनाबाईच्या सासरच्या घराकडे होता. नवरा होता तोवर तो लावायचा. तो तापात गेला, पोटी लेकरू नव्हतं. तेराव्याचं जेवण उरकलं तसे धाकटे दीर सुधाकरराव म्हणाले, "वयनी, दिवा आता आमच्याकडं येऊ द्या. बाईमानसाचं काम नाई ते." बयनाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं, "माह्या जित्तेपनी त्या दिव्याले हात लावून पाहा." तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं होतं ते भांडणापुरतं.

रोज सकाळी ती तेलाची बाटली घेऊन चढायची. दिवा लावून झाला की झाडांमधून एक फेरी मारायची, बुंध्यांवरून हात फिरवत. झाड म्हणजे मायचं अंग, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिची खात्री होती. आणि अंगाला कोणी हात लावला तर ती सोडत नसे. गावात तिला कोणी आवडत नव्हतं आणि ती कोणाला आवडत नव्हती. हिशेब सरळ होता.

चोरी पकडली की दंड. तो पैशाचा नाही, लाकडाचा. देवीच्या रानातून मोळी नेली तर आपल्या शेतातलं बंडीभर, म्हणजे बैलगाडीभर, लाकूड वर आणून शिळेच्या उजव्या अंगाला रचायचं, आणि ते तिथेच राहू द्यायचं. जुन्या माणसांच्या वेळी असा दंड कधीतरी व्हायचा. बयनाबाईच्या हाती दिवा आला आणि दंडाला ऊत आला. शेळीने पाला खाल्ला, दंड. पोराने भिंगरीसाठी काटकी मोडली, बापाला दंड. ढीग वाढत वाढत माणसाच्या डोक्यावर गेला.

लोकही काही कमी नव्हते. चूल पेटवायला चांगलं लाकूड कोण देतो? ते घरी ठेवायचं आणि गोठ्यामागे पडलेलं, पावसात कुजलेलं, भोकं पडलेलं वर न्यायचं. महिपतने तर हद्द केली. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं शेत, उतारावर त्याची मोहाची दोन झाडं. शेळ्या आत शिरल्या म्हणून त्याला दंड झाला, तेव्हा त्याने आणलेलं लाकूड इतकं किडकं होतं की बंडीला गचका बसला की खाली पिठासारखा भुसा सांडायचा.

"हे असं लाकूड आनलं मायले?" बयनाबाई म्हणाली.

"मायले काई भाकरी भाजाच्या हायेत का त्याच्यावर?" महिपत बैलांना पाणी दाखवत बोलला. "दंड बंडीचा हाये. लाकूड कसं पायजे ते कुठी सांगितलं?"

सोबतचे गडी फिदीफिदी हसले. बयनाबाईने बंडीत डोकावून पाहिलं. बंडी भरलेली होती, म्हणजे दस्तूर पाळला गेला होता. तिने लाकूड रचून घेतलं. गावाला वाट सापडली. मग जो तो किडकंच आणू लागला.

दिवाळीनंतर एक दिवस सुधाकररावांचा राजकुमार तिच्या दारात आला. हा पुतण्या जंगलातवाल्यांकडे, म्हणजे वनखात्यात, उन्हाळी चौकीदारीला होता, वणवा लागला की विझवायच्या टोळीत. घरचे दोन शब्द बोलून मग मुद्द्यावर यावं एवढी रीतही त्याला नव्हती, की काकूची भीती होती कोण जाणे. त्याने दारातूनच विचारलं, "मोठीमाय, वरचे ऐन पाह्यले का?"

"रोज पायतो. तू पगार घेऊन पायतं, मी फुकट पायतो."

"बुडाशी भुसा पडून राह्यला. खोडाले बोट जाईल एवढे भोकं हायेत. भुंग्याच्या अळ्या आतून झाड खाऊन राह्यल्या. दिवाळीतच पानं वाळले, हे काय पानगळीचे दिवस हायेत?"

"मंग? मी काय करू? अळ्या येचू?"

"वाळलेले झाडं तोडून खाली आना लागतात. अन् तो ढीग बी. हे सारं मिरगाच्या आधी चुलीत गेलं पायजे. पहिला पाऊस पडला की भुंगे बाहेर निंगतात अन् चांगल्या झाडावर बसतात. त्याच्या आधी वणवा आला त इचारूच नका. उभं वाळकं झाड म्हंजे मशाल हाये. साऱ्या माथ्यावर ठिणग्या उडवन."

बयनाबाई तांदूळ निवडत होती. सूप तिने खाली ठेवलं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हनतात ते खोटं नाई. किती देनार हाये ठेकेदार?"

"किडकं लाकूड कोनता ठेकेदार घेते व?" राजकुमारचाही आवाज चढला. "अन् कीड आली कुठून? तुमच्या त्या ढिगातून. साऱ्या गावाचा घुना तुमी मायच्या उशाशी आनून रचला."

पाण्याचा तांब्या त्याच्या कानाजवळून गेला आणि अंगणात जाऊन आदळला. शेजारच्या बाया कुडावरून डोकावल्या. राजकुमार जाता जाता म्हणाला, "माह्यं काय जाते? रान तुमचं, माय तुमची." आणि तिने त्याच्या पाठीवर शिव्यांची अख्खी बंडी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मात्र दिवा लावून झाल्यावर ती घाईने परतली नाही. ऐनाच्या बुंध्याशी बसून तिने भुसा चिमटीत घेतला. भोकाभोकात अंगारा भरला, हळद भरली, वाटीत निखारे घेऊन कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली. मग झाडाला कान लावला. आत करकर चाललेली होती, एखादी म्हातारी सुपारी कातरत बसावी तशी. अंगाऱ्याने ती थांबली नाही, हळदीने थांबली नाही. आठ-पंधरा दिवस तिने हे करून पाहिलं. आणि या फेऱ्यांत तिला दुसरंही काही दिसलं. ढिगाला लागून असलेले ऐन पार मेले होते. त्यांच्या मागचे अर्धे वाळले होते. शिळेच्या डाव्या अंगाचे अजून धड होते. कीड कुठून निघाली आणि कुठे चालली, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तिला कळलं. पण कबूल करायला तोंड पाहिजे ना! ती तडक गावात उतरली आणि मारुतीच्या पारावर बसलेल्या महिपतसमोर काठी आपटून उभी राहिली.

"मायच्या रानात कीड सोडली तुवा. तुयं वाटोळं होईल."

महिपतने तंबाखू मळता मळता मान वर केली. "आनलं मी, पन रचून कोनी घेतलं? हात धरला होता का मी तुमचा? एक बंडी वापस धाडली असती त दुसऱ्या खेपेले चांगलं आनलं असतं. पन तुमाले लाकूड थोडंच पायजे होतं. आमची मान खाली पायजे होती."

पारासमोरच्या हातपंपावर कुसुमबाई पाणी भरत होती. तिच्या पदरातून एकदा बयनाबाईने चार बेहडे बाहेर काढले होते आणि भर रस्त्यात तिची शोभा केली होती. घागर डोक्यावर चढवत ती म्हणाली, "आमची काडी काडी मोजली बाईनं. किडीले पदर झटकाले लावाचं राहून गेलं."

हशा पिकला. बयनाबाई घरी आली, दार लावून घेतलं. त्या दिवशी तिने देवघरात मायच्या नावाने हात जोडले नाहीत. नुसती बसून राहिली. ढीग हलवावा असं मनात आलं, नाही असं नाही. पण दस्तूर मोडला तर उद्या हेच लोक कुऱ्हाडी घेऊन वर चढतील, हेही तिला दिसत होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट, ढीग हलवला म्हणजे महिपत खरा ठरला. मायचं अंग पोखरलं जात होतं आणि बयनाबाई आपलं नाक सांभाळत बसली होती. असा हिवाळा गेला.

फागुन सरत आला तसा मोह टपटपू लागला. पाचोळ्यात पडलेलं फूल वेचायला जड जातं, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. बहुतेक वेळा तो तिथल्या तिथे विझतो. त्या दिवशी वारा होता. कोणाच्या मोहाखालून विस्तव सुटला, ते वाघधरीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी सांगत नाही.

बयनाबाई वरच होती. आधी वास आला, मग उताराच्या कडेला धूर उभा राहिला, आणि मग सागाची वाळकी पानं फुटाण्यासारखी तडतडताना ऐकू येऊ लागली. आग डोंगर चढते ती बकरीच्या पायाने, उड्या मारत. राजकुमार धापा टाकत वर पोचला. मागे त्याची बायको भाग्यलक्ष्मी, दोन्ही हातांत पळसाच्या हिरव्या फांद्या घेऊन. त्याने सरहद्दीच्या बाहेरचा पाचोळा झाडून जमीन उघडी करायला घेतली, म्हणजे आगीला पुढे सरकायला काही मिळू नये.

मागून गाव आलं. बाया, बापे, हातात फांद्या, खांद्यावर कुऱ्हाडी. रान सगळं गेलं तर मोह जातो, पायथ्याचा झरा जातो, गुरांची सावली जाते, हे त्यांनाही कळत होतं. पण सरहद्दीच्या दगडापाशी येऊन सगळे थांबले, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे.

"आधी सांगा बाई," कुसुमबाई म्हणाली, "चपला काढाच्या का ठेवाच्या? भुई तापून राह्यली."

"अन् येताना पायाले राख लागली त बंडी कोन भरन?" महिपत बोलला. त्याच्या मिशीला राख लागलेली होतीच.

राजकुमारने झाडू टाकला. "थट्टा कराची येळ हाये का हे? मी इकून कितीबी झाडलं तरी उपेग नाई. ठिनगी उडून त्या ढिगावर पडली की खेळ खलास. आतून सारा पोकळ हाये तो. पेटला त शेजारचे वाळके ऐन पेटतीन, अन् मंग शिळेपर्यंत काईच राह्यत नाई. ढीग हलला पायजे."

कोणी हललं नाही. सगळे बयनाबाईकडे बघत होते. वर्षानुवर्षं तिच्या दंडाने ते चिडलेले होते, पण मायच्या रानातलं लाकूड उचलून बाहेर न्यायचं म्हटलं तर एकाचंही पाऊल उठेना. दस्तूर मोडायची हिंमत कोणात नव्हती. तो तिनेच मोडावा आणि मग आपण तो मोडलेला बघावा, असं त्यांना वाटत होतं. काहींच्या डोळ्यांत तर गंमत होती.

बयनाबाई शिळेकडे वळली. धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने काय मागितलं हे कोणाला ऐकू आलं नाही. शिळा काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे, आणि म्हणूनच बयनाबाईचा तिच्यावर विश्वास होता. अंगात येऊन बोलणारे देव तिने पुष्कळ बघितले होते. मायने एवढं एकच काम तिच्यावर सोडलं होतं, आणि ते काम शब्द राखायचं होतं की झाडं, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं.

तिने काठी टाकली. ढिगातलं एक लांबट लाकूड ओढलं. ओढताना त्यातून पीठ सांडलं. ते खांद्यावर घेऊन ती सरहद्दीच्या दगडावरून पलीकडे गेली आणि तिने ते महिपतच्या पायाशी आपटलं.

"घे. तुयंच हाये."

"अन् दंड?" महिपतचा आवाज बारीक झाला होता.

"दंड माह्यावर. नेता का उभेच राह्यता, मेल्याहो?"

मग जे झालं ते मदत म्हणावी तर मदत, लूट म्हणावी तर लूट. बाया आत घुसल्या. कोणी चपला काढल्या, कोणी विसरल्या. बरं लाकूड कोणतं, तुकडा कोणता, यावरून भांडणं लागली. "ते मोठं माहं, मी आधी धरलं," "तुह्या बापानं आनलं होतं का," असा कल्ला. समोर डोंगर जळत होता आणि दोन जावा एका ओंडक्याच्या दोन टोकांना लोंबकळत होत्या. त्या झोंबाझोंबीत ढीग मात्र भराभर खाली जाऊ लागला. कुऱ्हाडीवाल्यांनी मेलेले ऐन धरले. देवीच्या रानात कुऱ्हाडीचा घाव पडलेला बयनाबाईने जन्मात ऐकला नव्हता. प्रत्येक घावाला तिने दात आवळले, तरी हाताने दाखवत राहिली, हा मेलेला, हा पन मेलेला, तो नाही. एकाने संधी साधून हिरव्या धावड्यावर कुऱ्हाड उगारली. तिने काठी उचलून त्याच्या पाठीत अशी हाणली की कुऱ्हाड एकीकडे आणि तो एकीकडे.

"हिरव्याले हात लावला त तुलेच जाळीन!"

आग सरहद्दीला भिडली. राजकुमारने झाडलेल्या पट्ट्यावर ती अडखळली, भाग्यलक्ष्मी आणि इतर बाया फांद्यांनी तिला झोडपत होत्या. मावळतीच्या बाजूने मात्र ती आत शिरली. तोडायचे राहिलेले ऐन आतून पोकळ, ते बुडाशी पेटले आणि शेंड्यातून ज्वाळा बाहेर आली. दोन जुने बिजे त्यात गेले. शिळेचा शेंदूर काळा पडला. पण जिथे ढीग होता तिथे आता उघडी माती होती. आग तिथवर आली, इकडे तिकडे चाचपली आणि खायला काही न मिळाल्याने बसून गेली. डाव्या अंगाचं रान उभं राहिलं.

तोंडावरची राख पुसत राजकुमार म्हणाला, "राह्यलेले किडके मिरगाच्या आधी."

"मले शिकवू नको," बयनाबाई म्हणाली.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात बैठक बसली. सुधाकरराव मधोमध. ज्यांच्या चुली मायच्या लाकडावर पेटत होत्या ते सगळे भोवती मांडी घालून, चेहरे कसे सोवळ्यातले.

"वयनी, दस्तूर मोडला तुमी," सुधाकरराव म्हणाले. "लाकूड भायेर काढलं, लोकायले काढाले लावलं. तोंडानं दंड कबूल केला. दंड भरा लागते."

"कोनतं लाकूड आनू? किडकं का चांगलं?"

"लाकूड म्हंजे लाकूड."

"मंग नाई आनत. एक काडी बी नाई."

"मंग दिवा नाई राह्यत तुमच्याकडं."

मागे कोणीतरी खोकलं. महिपत मान खाली घालून तंबाखू मळत होता. मोह कोणाचा, विस्तव कोणाचा, हे त्या बैठकीत कोणीच काढलं नाही. बयनाबाईच्या जिभेवर आलं होतं. पण ते काढलं असतं तर बोलणं त्याच्यावर गेलं असतं आणि लाकडाची गोष्ट मागे पडली असती. तिने कमरेची तेलाची बाटली काढली आणि सुधाकररावांसमोर ठेवली.

"घ्या. नाईतरी कधीचा डोळा होता तुमचा."

ती उठून गेली. दिवा भाग्यलक्ष्मीच्या हाती गेला.

पण घराण्याचा दंड थकलेला राहिला, ही गोष्ट सुधाकररावांना झोप येऊ देईना. गावात बोलणं होत होतं. अक्षय तृतीया झाल्यावर त्यांनी आपल्याच गोठ्यामागचं लाकूड बंडीत भरलं, बैल जुंपले आणि वहिनीच्या नावाचा दंड स्वतः घेऊन निघाले. वर पोचले तर सरहद्दीच्या दगडाला टेकून बयनाबाई बसलेली. दिवा तिचा नव्हता, पण तिथे बसायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

"बाई, सरका ना," भाग्यलक्ष्मी आतून म्हणाली. "मामंजी उन्हात उभे हायेत."

"राहू दे. सावली जळाली ना."

बयनाबाई उठली. बंडीतलं वरचंच लाकूड तिने ओढून घेतलं आणि दगडावर आपटलं. भुसा सांडला. पुन्हा आपटलं. लाकूड चिरलं आणि त्यातून बोटाएवढी पांढरी अळी खाली पडली, उन्हात वळवळली. भाग्यलक्ष्मीने मागे वळून आगीतून वाचलेल्या ऐनांकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"एवढ्याशा अळीसाठी भावकीत वैर घेता, वयनी?"

"घेतो."

"घरचा दंड राह्यला त आपल्या सात पिढ्यायचं नाव जाते."

"जाऊ द्या. झाडं राह्यतीन."

सुधाकररावांनी कासरा आवळून धरला. त्यांना बंडी पुढे घालायची होती, आणि ती बाजूला होणार नव्हती, हेही त्यांना माहीत होतं. शेवटी त्यांनी बैल वळवले. वळवता वळवता रागाने ओरडले, "मेल्यावर तुमच्या तिरडीले आमच्या घरचा खांदा लागनार नाई, सांगून ठेवतो!"

"नका लावू," बयनाबाई म्हणाली. "पन जे कोनी लावतीन त्यायले सांगा, तिरडीचे बांबू खालूनच आना म्हना. वरच्याले हात लावला त उठून बसन मी."